दिवसा घरात कोण असतं?

सांगलीच्या आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड करत होतो तेव्हा वीज म्हणजे २३० व्होल्ट, एवढंच डोक्यात होतं. फेज, न्यूट्रल, अर्थिंग. आमचे मास्तर खिशाला टेस्टर लावूनच वर्गात यायचे आणि सारखं बजावायचे, मेन बंद केलेला असला तरी वायर चालू आहे असं समजूनच हात घालायचा. पुढे पुण्यात एसीच्या कामाला लागलो, काही वर्षं कोल्ड स्टोरेजची कामं केली. बहिणीने फार पूर्वी करून ठेवलेल्या अर्जावर व्हिसा आला, तेव्हा बायकामुलांसह न्यू जर्सीला आलो. इथे एका लहानशा हीटिंग-कूलिंगवाल्याकडे हेल्पर म्हणून लागलो. त्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या फोरमनने एका घराच्या भिंतीवरची डबी उघडून दाखवली. आत जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या पाच रंगीत तारा. त्या दुमजली घराची सगळी ऊब त्या तारांवर अवलंबून होती, आणि त्यांत वीज होती फक्त २४ व्होल्ट.

ही डबी म्हणजे थर्मोस्टॅट. तेव्हापासून मी त्या बसवतोय, बदलतोय, दुरुस्त करतोय. तारा जोडायला फार वेळ लागत नाही. वेळ आणि अक्कल लागते ती वेगळ्याच गोष्टीला. ही डबी घरातल्या कुणाच्या वतीने ऊब मागणार, हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवल्याशिवाय कितीही महागडी डबी लावली तरी घरात कुणीतरी कुडकुडत बसतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना आधी थोडं सांगायला हवं. आपल्याकडे भिंतीवर पंख्याचा रेग्युलेटर असतो, एसीचा रिमोट असतो. घर तापवण्याची सोय नसते, कारण लागत नाही. महाबळेश्वरला थंडी पडली तर शेगडी पेटवतात, नाहीतर दुलई ओढून झोपतात. न्यू जर्सीत जानेवारीत पारा शून्याखाली उतरतो आणि कधी कधी दिवसचे दिवस वर येत नाही. घर तापवलं नाही तर माणसं गारठतातच, शिवाय भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात. म्हणून इथे भाडेकरूंच्या इमारतींत ऊब देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. १ ऑक्टोबर ते १ मे या काळात सकाळी ६ ते रात्री ११ किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले २० अंश सेल्सिअस, आणि रात्री किमान ६५ फॅरनहाइट.

ही ऊब तयार होते तळघरात. बऱ्याच घरांत गॅसवर चालणारी फर्नेस असते. ती हवा तापवते आणि तिचा पंखा ती हवा पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत ढकलतो. जर्सी सिटीसारख्या जुन्या वस्त्यांत बॉयलर असतात, ते गरम पाणी किंवा वाफ रेडिएटरमध्ये पाठवतात. भिंतीवरचा थर्मोस्टॅट हा या सगळ्यातला नुसता स्विच. फर्नेसमधला छोटा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचे २४ करतो आणि त्यातली एक तार वर भिंतीपर्यंत येते, तिला 'आर' म्हणतात. खोली थंड झाली की थर्मोस्टॅट ही 'आर' शेजारच्या 'डब्ल्यू' तारेला जोडतो. 'डब्ल्यू'मधून ते २४ व्होल्ट खाली परत पोचले, की फर्नेसला कळतं, वर कुणीतरी ऊब मागतंय.

त्यानंतर तळघरात जे घडतं ते ऐकायला मला अजून आवडतं. आधी एक छोटा पंखा घूं करत सुरू होतो, जळलेला वायू घराबाहेर ओढून काढणारा. त्याची ओढ पुरेशी आहे असं दिसलं की प्रेशर स्विच टक् करून मिटतो. मग इग्नायटर लालभडक होतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि भप्प करून बर्नर एकामागून एक पेट घेतात. ज्योत खरंच पेटली का हे पाहायला तिच्यात एक बारीक दांडी उभी असते. ज्योतीतून त्या दांडीला काही मायक्रोअँपिअर एवढाच करंट मिळतो, आणि तेवढाही मिळाला नाही तर काही सेकंदांत गॅस बंद होतो. भट्टी तापली की मोठा पंखा सुरू होतो आणि वर ऊब पोचते. एखादं घर गारठलेलं असलं की मी तळघरात जाऊन बोर्डावर 'आर' आणि 'डब्ल्यू' तारेच्या तुकड्याने थेट जोडतो. हा सगळा क्रम सुरळीत पार पडला तर फर्नेस ठणठणीत आहे, दोष वरच्या डबीत किंवा मधल्या केबलमध्ये. (हे घरमालकाने करून बघायचं काम नव्हे.)

ऊब मागणाऱ्या यंत्राची कल्पना एका शाळेत सुचली, हे मला फार आवडतं. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या नॉर्मल स्कूलमध्ये वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. शाळेचा शिपाई वर्गावर्गात येऊन तापमान बघायचा आणि मग तळघरात जाऊन झडपा कमी-जास्त करायचा. दर वेळी शिकवणं मोडायचं. जॉन्सननी असं यंत्र बनवलं की वर्गातली ऊब कमी-जास्त झाली की खाली घंटा वाजेल. १८८३ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. त्यानंतर थोड्याच वर्षांत मिनियापोलिसच्या अल्बर्ट बुट्झने यंत्राकडूनच भट्टीची झडप उघडून-मिटवून घेतली, आणि त्याच कामातून पुढे हनीवेल कंपनी उभी राहिली. जॉन्सनची घंटा वर्गात बसलेल्या मुलांसाठी वाजत होती. ज्यांना थंडी वाजतेय त्यांच्याच खोलीत ते यंत्र होतं. एवढी साधी गोष्ट आजच्या घरांत राहून जाते.

हनीवेलचा गोल थर्मोस्टॅट १९५३ साली आला. त्याला आकार दिला हेन्री ड्रायफस यांनी. आजही जुन्या घरांच्या भिंतींवर तो सापडतो आणि बरेचदा चालू असतो. त्याचं झाकण ओढून काढलं की आत दोन धातूंची एकत्र चिकटवलेली पट्टी गुंडाळून बसवलेली दिसते. दोन्ही धातू उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून खोली थंड-गरम झाली की पट्टीचा वेटोळा सुटतो नाहीतर आवळतो. त्याच्या टोकावर काचेची इवलीशी कुपी, कुपीत पाऱ्याचा थेंब. कुपी एका बाजूला कलली की पारा घरंगळत जाऊन दोन तारांना भेटतो आणि जोडणी होते. ठिणगी नाही, आवाज नाही, झीज नाही. हा थर्मोस्टॅट लावताना पाणसळ लागतेच, कारण पाऱ्याला तिरकं चालत नाही. डबी जराशी तिरकी बसली की अंशांचा हिशेब चुकतो. आजच्या डिजिटल डबीला पाणसळ लागते ती फक्त दिसायला बरं म्हणून.

त्या जुन्या डबीत आणखी एक बारकी करामत आहे. फर्नेस बंद झाली तरी भट्टीत आणि डक्टमध्ये ऊब शिल्लक असते, ती नंतरही खोलीत येत राहते. म्हणून खोली पुरती तापायच्या थोडं आधीच फर्नेस बंद करावी लागते, जसं दूध उतू जाण्याच्या क्षणभर आधी गॅस बंद करतात. त्यासाठी आत एक छोटा रेझिस्टर असतो, तो डबीला आतून किंचित गरम करतो आणि पट्टीला जरा लवकर जागं करतो. डिजिटल डबीत हेच काम एका आकड्यावर सोपवलेलं असतं. तासाला फर्नेस साधारण किती वेळा चालू व्हावी, तो आकडा. वाफेच्या बॉयलरला १, गरम पाण्याच्या बॉयलरला ३, साध्या गॅस फर्नेसला ५, विजेच्या हीटरला ९. हा आकडा सेटिंगच्या पोटात खोल दडलेला असतो आणि घाईने डबी लावणारे तो बघतच नाहीत. मग वाफेचा बॉयलर दर दहा मिनिटांनी सुरू-बंद होतो, रेडिएटर अर्धेच तापतात, आणि घरातले लोक डबीला नावं ठेवतात.

पाऱ्याची डबी काढली की ती कचऱ्यात टाकायची नसते. आम्ही ज्या घाऊक दुकानातून माल घेतो तिथे त्यासाठी वेगळी पेटी असते, तिच्यात न फोडता नेऊन टाकायची. नवीन पोरांना मी हे कुठल्याही जोडणीच्या आधी शिकवतो.

आता तारांचं. पाच तारांचे रंग ठरलेले आहेत असं पुस्तक सांगतं: लाल 'आर', पांढरी 'डब्ल्यू', पिवळी थंड हवेसाठी 'वाय', हिरवी पंख्यासाठी 'जी', निळी 'सी'. घरं पुस्तक वाचून बांधलेली नसतात. निळ्या तारेवर ऊब मागणारी घरं मी पाहिली आहेत. म्हणून रंगावर भरवसा न ठेवता खाली तळघरात जाऊन बोर्डावर कुठली तार कुठे गेली आहे ते बघायचं, जुनी डबी सोडायच्या आधी फोटो काढायचा, प्रत्येक तारेला चिठ्ठी लावायची. मग ब्रेकर बंद करायचा. २४ व्होल्टने माणसाला काही होत नाही, पण 'आर' तार 'सी'ला नुसती शिवली तरी फर्नेसच्या बोर्डावरचा छोटा फ्यूज उडतो, गाड्यांमध्ये असतो तसला पातीचा, जांभळा ३ अँपिअरचा नाहीतर ५ अँपिअरचा. तो खिशात नसेल तर रात्री दहा वाजता दुकान शोधत फिरावं लागतं. आणि झाकण उघडल्यावर बारीक रंगीत तारांऐवजी दोन किंवा चार जाड वायरी दिसल्या, तर तिथे थांबायचं. तो भिंतीच्या कडेला लावलेला विजेचा हीटर असतो, थेट २४० व्होल्टवर चालणारा. त्याची डबी वेगळी. सांगलीच्या मास्तरांचं ते बजावणं मला इथे रोज उपयोगी पडतं.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती 'सी' तार. पाऱ्याच्या डबीला स्वतःसाठी वीज लागतच नव्हती. नव्या डबीला पडदा आहे, वायफाय आहे, हालचाल टिपणारा डोळा आहे. तिला सतत वीज हवी, आणि परतीची वाट म्हणजे 'सी'. जुन्या घरांत ती जोडलेलीच नसते. नशीब चांगलं असेल तर केबलच्या सालीत एक निळी तार न वापरता मागे दुमडून ठेवलेली सापडते. डबीमागे बोट घालून ती गुंडाळी हाताला लागली की मला खरोखर आनंद होतो. ती सोलायची, वर 'सी'ला आणि खाली बोर्डाच्या 'सी'ला लावायची, मीटर ठेवायचा. २४ ते २८ च्या मध्ये आकडा आला की झालं. तार नसेल तर डबी 'डब्ल्यू' किंवा 'वाय'मधून थोडी थोडी वीज ओढून आपलं भागवू बघते. काही फर्नेसना हे चालतं. काहींचे रिले मध्यरात्री टकटक करायला लागतात, आणि एखाद्या गोठलेल्या सकाळी डबीची बॅटरी संपून पडदा काळा होतो. अशा घरात मी नवीन केबल ओढतो, मग जास्तीचे दोन तास गेले तरी चालेल.

हे सगळं हाताला सवयीचं झालं. पण या कामात काय सांभाळायचं असतं ते मला एका आजींच्या खोलीत बसून नीट कळलं.

एडिसनमधल्या एका टाउनहाउसमधून फोन आला होता. हे गाव ज्यांच्या नावाने आहे त्या थॉमस एडिसन यांची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथेच होती, १८७९ मध्ये त्यांचा दिवा इथे पेटला. आज त्याच गावातल्या ओक ट्री रोडवर साड्यांची आणि किराणा मालाची आपली दुकानं आहेत. फोनवर घरचा मुलगा होता. "दादा, फर्नेस चालू आहे, अ‍ॅपमध्ये सगळं व्यवस्थित दिसतंय. पण आई म्हणते, गारठा फार आहे. तिला इथल्या थंडीची सवय नाही हे खरं, तरी एकदा बघून जाल का?"

मी मुद्दाम दुपारी गेलो. दार आजोबांनी उघडलं. कानटोपी, स्वेटर, वरून शाल. आजी मागच्या बेडरूममध्ये पलंगावर दोन ब्लँकेट घेऊन बसल्या होत्या, समोर पोथी. ती खोली गॅरेजच्या वर होती. अशी खोली घरात नेहमीच थंड असते, कारण खालच्या गॅरेजला ऊब नसते आणि फर्नेसपासून तिथपर्यंत डक्टचा पल्ला लांब पडतो.

"मराठी होय तुम्ही? बसा, चहा टाकते."

"चहा मागनं घेऊ, आजी. आधी मला सांगा, थंडी कधी वाजते?"

"सकाळी पोरं ऑफिसला गेली की तासाभरात. संध्याकाळी ती घरी यायच्या वेळेला परत बरं वाटायला लागतं."

"मग बाहेरचं ते बटण फिरवलं नाहीत?"

"नको बाई. त्यांचं काहीतरी सेट केलेलं असतंय. बिल वाढलं म्हणजे? चार महिन्यांसाठी तर आलोय."

सातारा जिल्ह्यातल्या त्या बाईंनी मीटर न लावता निदान केलं होतं. डबी बैठकीच्या भिंतीवर होती. घरात कुणी आहे की नाही हे ती दोन प्रकारे ओळखत होती. समोरून कुणी गेलं तर हालचाल टिपून, आणि मुलाचा नि सुनेचा फोन घराजवळ आहे का ते बघून. सकाळी दोन्ही फोन ऑफिसला जायचे. आजोबांचे गुडघे दुखत म्हणून ते खोलीतून फारसे उठत नसत, आजी पोथी नाहीतर फोनवरचं कीर्तन घेऊन मागेच बसत. डबीच्या लेखी घर रिकामं. ती ६२ अंशांवर उतरून स्वस्थ बसायची आणि फोन घराकडे निघाले की परत ७० मागायची. त्यात भर म्हणजे समोर काचेचं मोठं दार. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, दुपारी त्याची तिरीप थेट डबीवर यायची. मी उभा होतो तेव्हा डबी ७२ दाखवत होती. मागच्या खोलीत माझ्या थर्मामीटरने ५८ दाखवले, म्हणजे साडेचौदा अंश सेल्सिअस. मुलगा अ‍ॅपमध्ये ७२ बघून निश्चिंत होता. कुणीच खोटं बोलत नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश सेल्सिअस असावेत असं म्हटलं आहे. वयस्कर माणसांसाठी इथली सरकारी आरोग्यसंस्था ६८ फॅरनहाइटच्या खाली जाऊ नका असं सांगते. म्हातारपणी शरीर ऊब धरून ठेवत नाही आणि गारठा वेळेवर जाणवतही नाही. साडेचौदा अंशांत दिवसभर बसून राहणं हे आजारपणाला आमंत्रण होतं. आणि त्या दोघांनी ते निमूट सोसलं होतं, कारण मुलांच्या घरात आपल्यामुळे काही बिघडू नये एवढीच त्यांची काळजी. हे पाहून मला फार वाईट वाटलं. बटण दाबायचं धाडस न होणारी माणसं अशा कित्येक घरांत मला भेटली आहेत, पण इतक्या स्पष्टपणे त्यांची दिनचर्या कुणी सांगितली नव्हती.

मुलाशी फोनवर बोललो आणि त्याच दिवशी कामाला लागलो. डबीसाठी भिंत निवडायचे काही नियम आहेत आणि ते सगळे अनुभवातून आलेले आहेत. बाहेरची भिंत नको, आतली हवी. जमिनीपासून साधारण पाच फूट उंच. ऊन नको, दाराची फट नको, हवेच्या जाळीचा झोत नको, मागे स्वयंपाकघरातला ओव्हन नको, दार उघडल्यावर त्याच्या मागे लपेल अशी जागा नको. मी बेडरूमकडे जाणाऱ्या आतल्या पॅसेजची भिंत धरली. इथल्या भिंती पोकळ असतात. लाकडाच्या उभ्या पट्ट्या, वरून जिप्समचा पत्रा, त्याला ड्रायवॉल म्हणतात. सांगली-पुण्यात आपण भिंतीतल्या पाइपमधून स्प्रिंग घालून वायर ओढतो. इथे पाइप नसतो, अंदाज असतो. तळघरातून वर भिंतीच्या तळपट्टीला बरोबर मधोमध भोक पाडायचं, स्प्रिंग वर सारायची, आणि पाच फुटांवर पाडलेल्या छोट्या भोकातून तिचं टोक चिमटीत पकडायचं. आजोबा खुर्ची ओढून शेजारी बसले होते. ते एसटीत मेकॅनिक होते. स्प्रिंगचं टोक बाहेर आलं तेव्हा तेच आधी म्हणाले, "आलं बघा."

आठ तारांची केबल ओढली, कारण उद्या कुणी हीट पंप बसवला तर तारा कमी पडायला नकोत. डबीमागचं भोक पुटीने बुजवलं. हे फार लोक करत नाहीत. तळघरातली गार हवा त्या भोकातून भिंतीच्या पोकळीतून वर येते आणि डबीच्या पाठीला लागते, मग डबीला वाटतं सगळं घरच गार आहे. 'घरात कुणी नाही' ही सोय पूर्ण बंद केली. आजींच्या खोलीत बिनतारी सेन्सर लावला आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा डबीने त्याच खोलीचं ऐकावं असं ठरवून दिलं. खाली डक्टमधली झडप फिरवून त्या खोलीकडे हवा वाढवली. मुलाला बिलाची काळजी होती, म्हणून कमीत कमी ६८ आणि जास्तीत जास्त ७३ अशी हद्द घालून दिली. या हद्दीत आजींनी कितीही वेळा बटण दाबलं तरी काही बिघडणार नाही. मग आजींना उभं करून त्यांच्याच बोटाने एक अंश वाढवायला लावला. खाली तळघरात पंखा घूं करून सुरू झाला. त्यांनी डबीखाली मराठीत लिहून मागितलं, तेही लिहिलं: वरचा बाण ऊब वाढवतो, खालचा कमी करतो.

तेव्हापासून नवीन घरात गेलो की डबीच्या खोक्याला हात लावायच्या आधी मी विचारतो, दिवसा घरात कोण असतं? उत्तरं फार वेगवेगळी येतात. रात्रपाळी करून दिवसा झोपणारी नर्स, तिला दुपारी अंधार आणि ऊब हवी. तान्हं बाळ. घरूनच काम करणारा, ज्याची खुर्ची तळघरात आहे. दिवसा खरोखर कुणी नसेल तर ऊब जरूर कमी करावी. रोज आठ तास सात ते दहा अंश फॅरनहाइटने उतरवलं तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते, असं इथलं ऊर्जा खातं सांगतं, आणि मीही गिऱ्हाइकांना तेच सांगतो. पण ती बचत घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांतून काढायची नसते.

हीट पंपांच्या घरात हिशेब आणखी बदलतो. तो बाहेरच्या थंड हवेतूनच ऊब ओढून आत आणतो, उन्हाळ्यात तोच उलटा चालून घर थंड करतो, आणि उलट-सुलट करणारा व्हॉल्व्ह नारिंगी तारेवर चालतो. काही कंपन्यांचा व्हॉल्व्ह थंडाव्यासाठी वीज मागतो, काहींचा उबेसाठी. हे सेटिंग उलटं पडलं तर डिसेंबरात घरात एसी सुरू होतो. तिथे रात्री फार अंश उतरवू नयेत, कारण सकाळी एकदम वर चढवताना विजेच्या हीटरच्या कॉइल चालू होतात आणि वाचवलेलं सगळं जातं. आणि वयस्कर माणसांना आधीच समजावून सांगावं लागतं. गॅस फर्नेसच्या जाळीतून ५०-६० अंश सेल्सिअसची हवा येते, हात धरला तर चटका बसल्यासारखी. हीट पंपाची हवा ३२ ते ३८ अंशांची. ती अंगाला गारच लागते, पण तासाभरात खोली उबदार होते. हे सांगितलं नाही तर "यंत्र बिघडलंय" असा फोन येतो.

पुण्या-सांगलीहून, साताऱ्याहून, गोव्याहून दर हिवाळ्यात आईवडील इकडे येतात. या वर्षी तुम्ही येणार असाल तर आल्या आल्या मुलाला किंवा मुलीला तीन गोष्टी विचारून घ्या. डबीवर आत्ता किती अंश आहेत आणि ते वाढवायचे कसे, हे तुमच्याच हाताने एकदा करून बघा. तुम्ही घरात असताना डबी 'घर रिकामं' असं समजत नाही ना, ते त्यांच्याकडून तपासून घ्या. तुमच्या खोलीत एक साधा थर्मामीटर ठेवायला सांगा, दहा-बारा डॉलरला मिळतो, आणि त्यात ६८ च्या खाली आकडा दिसला तर संध्याकाळपर्यंत वाट न बघता फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुठे लावलाय तेही बघून ठेवा, तो वाजला तर शाल घेऊन सरळ घराबाहेर पडायचं. आणि तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी लाल पट्टीवर एक बटण असतं, दिव्याच्या बटणासारखंच दिसतं. ते फर्नेसचं किंवा बॉयलरचं आहे. जिन्यातला दिवा मालवताना चुकून तेही बंद होतं आणि रात्री घर गार पडतं. असं झालं तर आम्हाला बोलवायच्या आधी ते बटण वर करून पाच मिनिटं थांबा.